एकांत आणि लोकांत (ग्रामीण विदर्भ)

ध्यान, जप, मौन यांसाठी माणसांतून बाजूला होणे हा एकांत. त्याच माणसांत उतरून त्यांच्या कामाला हात लावणे हा लोकांत. दोन्ही एकाच दिवसात बसवण्याची रीत विसाव्या शतकात विदर्भाच्या खेड्यांत रुळली. तिचे मर्म वेळापत्रकात आहे, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते.

तुकडोजी महाराज (1909–1968) तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा इथल्या रानांत राहिले. पुढे खंजिरी घेऊन गावोगाव फिरले आणि 1935 मध्ये अमरावती जिल्ह्यात मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. गाडगेबाबांनी (1876–1956) रान धरलेच नाही. गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. बांधलेल्या धर्मशाळांत स्वतःसाठी खोली मात्र ठेवली नाही. विनोबांचा क्रम आणखी वेगळा. 1946 ते 1948 या काळात ते वर्ध्याजवळच्या पवनारहून सुरगावला पायी जाऊन भंगीकाम करत. 1970 नंतर ते पवनारलाच स्थिरावले आणि 25 डिसेंबर 1974 पासून त्यांनी वर्षभर मौन पाळले. म्हणजे एकांत कोणाच्या आयुष्यात आधी आला, कोणाच्या शेवटी. सर्वांना लागू पडेल असे प्रमाण काढता येत नाही.

तुकडोजी महाराजांनी काढलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावांत हीच गोष्ट रोजची केली गेली. पहाटे सामुदायिक ध्यान, मग रामधून (भजन म्हणत गावातून फेरी) आणि ग्रामसफाई, दिवे लागल्यावर सामुदायिक प्रार्थना. ध्यान एकट्याचे, पण बसायचे सगळ्यांनी मिळून. चपला ओळीत, माणसे ओळीत, बोलणे बंद. नव्या माणसाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात; त्याहून लांबवले की डुलक्या सुरू होतात आणि उजाडल्यावर सफाईला माणूस उरत नाही. ध्यानातून उठल्याबरोबर खराटा, फावडे, टोपले हाती यावे, म्हणून ही हत्यारे रात्रीच मारुतीच्या पाराशी ठेवतात. मध्ये चहा आला की निम्मे घरी जातात.

हंगामाशी मात्र जुळवून घ्यावे लागते. मृगात पेरणीची घाई, पुढे निंदण-डवरण, दिवाळीपासून कापसाची वेचणी. बाया सकाळीच वावरात निघतात. सडा-सारवण, भाकरी उरकून त्यांनी पहाटे ध्यानालाही बसावे ही अपेक्षाच चुकीची. अशा महिन्यांत संध्याकाळची प्रार्थना टिकवावी आणि सफाई आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी करावी. मजुरीला बहुधा त्या दिवशी सुट्टी असते.

बिघाड दोन्ही अंगांनी होतो. एकांत वाढला की साधकाचे जेवण गाव पुरवते आणि साधकच गावाचे एक काम होऊन बसतो. सेवा वाढली की चिडचिड सुरू होते: 'आम्ही झाडतो, हे पुन्हा टाकतात.' तक्रार खरी असते. दुसऱ्याचे अंगण रोज झाडून दिले की घरमालक खराटा विसरतो. म्हणून रस्ता, विहिरीचा परिसर, पांदण (शेताकडे जाणारी वाट) मंडळाने झाडावी. अंगण ज्याचे त्याने. ध्यानाच्या वेळी भोंगा लावणे हाही बिघाडच, आणि आता तो जवळजवळ सर्वत्र आहे.

सेवेत टिकाऊ काम निवडले तर रोजची दमणूक घटते. सांडपाण्यासाठी शोषखड्डा हे त्याचे चांगले उदाहरण. एका घराला साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर विटांचे तुकडे. मधोमध बुडाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाच्या शेंड्या भरतात. पाणी आधी त्या मडक्यात पडते. कडेने फटी बुजवून वरून माती लोटतात. विहीर जवळ असेल तर खड्डा घेऊ नये. पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काळ्या, चिकण जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, तिथे खड्डा थोडा मोठा घ्यावा किंवा परसातल्या केळीला पाणी द्यावे. खड्डा तुंबतो तो साबणाच्या मळीने आणि भांड्यांच्या खरकट्याने. पंधरा दिवसांनी शेंड्या काढून धुवाव्या लागतात. हे करायला घरातला माणूस तयार आहे का, ते खणण्याआधी विचारून घ्यावे.