अप्रतिकार (पुनर्बाप्तिस्मावादी)

अन्यायाने अंगावर येणाऱ्यावरही शस्त्र न उचलणे हा ख्रिस्ताच्या शिष्यत्वाचाच भाग होय, अशी ॲनाबॅप्टिस्ट अर्थात पुनर्बाप्तिस्मावादी ख्रिस्ती परंपरेची शिकवण. मेनोनाइट, आमिश व हटराइट हे तिचे आजचे प्रमुख पंथ. आधार डोंगरावरील प्रवचनाचा (मत्तय ५:३९). शिष्यत्वासाठी वापरली जाणारी जर्मन संज्ञा ‘नाखफोल्गे’, म्हणजे मागोमाग चालणे. अप्रतिकाराच्या जर्मन संज्ञेचा शब्दार्थ ‘बचावाविना असणे’ असा असल्याने मराठीत ‘निःशस्त्रता’ हा प्रतिशब्द अधिक जवळचा ठरावा.

या शिकवणीच्या उगमाविषयी एकमत नाही. झुरिक येथे २१ जानेवारी १५२५ रोजी प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देण्यात आला. अप्रतिकार तेथूनच इतरत्र पसरला, आणि शस्त्र धरणारे गट ही मूळ प्रवाहापासूनची फारकत होती, असे मेनोनाइट इतिहासकार हॅरल्ड बेंडर व त्यांच्या परंपरेतील अभ्यासकांचे मत होते. १९७५ च्या सुमारास जेम्स स्टेअर, वर्नर पॅकल व क्लाउस डेपरमान या इतिहासकारांनी परंपरेचे उगम अनेक असल्याचे मांडले. पुनर्बाप्तिस्मावादी धर्मशास्त्रज्ञ बाल्थाझार हुबमायरने १५२७ मध्ये राजसत्तेच्या तलवारीचे समर्थन केले होते. काही अनुयायी तर जर्मन प्रदेशांतील शेतकऱ्यांच्या उठावातूनच (१५२४–२५) आलेले होते. हे ध्यानी घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र अलीकडे त्यालाही मुरड घातली गेली आहे.

स्वित्झर्लंडमधील श्लायटहाइम येथे २४ फेब्रुवारी १५२७ रोजी मान्य झालेल्या श्रद्धेच्या कबुलीजबाबातील सात कलमांपैकी सहावे तलवारीविषयी आहे: तलवार ईश्वरनियुक्त खरी, पण ‘ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची’, म्हणून शिष्याने शासक होऊ नये. मसुद्याचे श्रेय सहसा मिखाएल झाट्लर या माजी बेनेडिक्टाइन मठवासीयास देतात. त्याच वर्षी त्याला जाळण्यात आले. जर्मनीतील म्युन्स्टर शहरातली पुनर्बाप्तिस्मावाद्यांची सशस्त्र राजवट (१५३४–३५) रक्तपातात संपल्यावर नेदरलँड्समधील विखुरलेल्या अनुयायांना मेनो सिमन्स या माजी कॅथलिक पाद्रीने सावरले व शस्त्रत्याग पक्का केला.

आचरणाचे बहुचर्चित उदाहरण नेदरलँड्समधील आस्पेरेनच्या डिर्क विलेम्स या पुनर्बाप्तिस्मावाद्याचे. अटक टाळण्यासाठी तो गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे पोहोचला. पाठलाग करणारा मात्र पातळ बर्फ फुटून बुडू लागला. डिर्कने परत फिरून त्याला बाहेर ओढले. वाचलेला माणूस त्याला सोडू पाहत होता. काठावरून नगराध्यक्षाने शपथेची आठवण करून दिली आणि डिर्क पकडला गेला. त्याला जाळण्याच्या शिक्षेचा निकाल १६ मे १५६९ चा असला, तरी पाठलाग बर्फ असताना, बहुधा हिवाळ्यात झाला असावा. या प्रसंगाचे डच चित्रकार यान लाउकेनचे कोरीवचित्र (१६८५) मेनोनाइट घरांतून आजही दिसते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील सुमारे १२,००० जणांनी युद्धसेवेऐवजी वने, शेती व मनोरुग्णालयांत काम केले. त्यांत मेनोनाइट सर्वांत जास्त होते. २ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियातील निकेल माइन्सच्या आमिश शाळेत एका बंदूकधाऱ्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच दगावल्या. हल्लेखोराने आत्महत्या केली. आमिश शेजारी त्याच्या कुटुंबाचे सांत्वन करण्यास गेले, त्याच्या दफनविधीलाही हजर राहिले. शाळा दहा दिवसांनी पाडण्यात आली; त्या जागी कुरण आहे.