साय कुंगच्या धक्क्यावरचं जेवण : सहलीला येणाऱ्या मंडळींसाठी माहिती

आपल्या हाँगकाँग सहलीतली एक संध्याकाळ आम्ही साय कुंगसाठी राखून ठेवतो. हे कोळ्यांचं जुनं गाव. चॉय हंग स्टेशनवरून 1ए नंबरची हिरवी मिनीबस थेट गावात सोडते. गावात तिन हाऊ या समुद्रदेवीचं देऊळ आहे. धक्क्याला होड्या लागलेल्या असतात आणि त्यांतूनच जिवंत मासळी विकली जाते. गिऱ्हाईक वर धक्क्यावर, विकणारा खाली होडीत. लांब दांड्याच्या जाळीतून मासा वर येतो आणि त्याच जाळीतून पैसे खाली जातात. आम्ही दरवेळी तिथं पंधरा मिनिटं जास्तीची ठेवतो, कारण आपली कोकणातली मंडळी तिथून लवकर हलत नाहीत.

धक्क्यालगत माशांच्या हॉटेलांची रांग आहे. आपण जेवतो ते हॉटेल त्यातलंच, जुनं, घरच्याच माणसांनी चालवलेलं. गोल टेबलं आणि दारात काचेच्या टाक्या, एवढाच थाट.

एक गोष्ट आधीच सांगतो. मंचुरियन किंवा ट्रिपल राइस इथं मिळत नाही. मंचुरियन हा मुंबईत जन्मलेला पदार्थ आहे. इथलं जेवण कँटनी पद्धतीचं : आलं, पातीचा कांदा, सोया सॉस, थोडं तेल. तिखट जवळपास नाहीच. पहिल्या घासाला काहींना ते सपक वाटतं. बॅगेतली चटणी काढण्याआधी दोन घास तसेच खाऊन बघा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मासा निवडताना

घरी आपण कल्ले उघडून मासा पारखतो. इथं तो समोर पोहत असतो. टाक्यांमध्ये हेकरूच्या जातीचे मासे, चिंबोऱ्या, शेवंडं, कोळंबी, माकूल, तऱ्हेतऱ्हेचे शिंपले असतात. बोट दाखवलं की माणूस जाळीनं मासा उचलतो आणि तुमच्यासमोर वजन करतो. सहा-सात जणांच्या टेबलाला साधारण एक कॅटीचा, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपासचा, मासा घ्या. तो नीट वाफवला जातो. प्रवाळातले मोठे मासे स्वस्त मिळाले तरी टाळा. त्यांच्यात कधीकधी समुद्री विष साठलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही. अशा माशाचं डोकं, कातडी आणि गाबोळी खाऊ नये, असं तिथलं अन्नसुरक्षा खातंही सांगतं. डोक्यावरून घरात भांडणं होणाऱ्या मंडळींना हे जड जाईल, पण ऐका.

आता वजनाचं. हाँगकाँगमध्ये मासळी कॅटी आणि टेल या मापांत विकतात. एक कॅटी म्हणजे सुमारे 605 ग्रॅम आणि एक टेल म्हणजे सुमारे 38 ग्रॅम. सोळा टेलांची एक कॅटी, आपल्या जुन्या सोळा छटाकांच्या शेरासारखीच. पहिल्या खेपेला एका दुसऱ्या हॉटेलात आम्ही पाटीवरचा भाव कॅटीचा समजून मोठी कोळंबी सांगितली. भाव टेलचा होता. बिल आलं तेव्हा टेबलावर कुणी बोलेना. महागडा माल बऱ्याचदा टेलच्या भावानं लावलेला असतो आणि मापाचं अक्षर चिनी असतं. म्हणून मासा आत जाण्याआधी एकूण किती डॉलर होतील ते कागदावर आकड्यांत लिहून घ्या. त्यात कुणाला राग येत नाही. तिथली माणसंही विचारूनच घेतात.

वाफवलेला मासा ही या जेवणातली मुख्य गोष्ट. आठ-दहा मिनिटांत ताट येतं. माशावर आल्याचे आणि पातीच्या कांद्याचे केसासारखे बारीक काप असतात, त्यांवर कडकडीत तेल ओतलेलं असतं आणि बाजूनं सोया सॉस. चमचा लावला की मांस काट्यावरून पाकळीसारखं सुटतं. काट्याजवळ ते किंचित गुलाबी दिसेल. कच्चं राहिलं म्हणून परत पाठवू नका, आचाऱ्याचं कसब तिथंच आहे. खालचा रस साध्या भातावर घ्या. भात 'बाक फान' म्हणून मागायचा. वरची बाजू संपली की मासा उलटू नका, मधला काटा उचलून खालचं मांस घ्या. मासा उलटला की होडी उलटते, असं कोळी मानतात.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त आवडते ती तळलेल्या लसणाच्या ढिगाखालची चिंबोरी. वादळात होड्या आसऱ्याला येत त्या खाडीत नावेवरच राहणाऱ्या लोकांची ही रीत. हिच्यात सुकी मिरचीही असते.

टेबलावर बसताच चहा येतो, बिनदुधाचा. त्याचे माणशी पैसे लागतात, आणि न मागता ठेवलेल्या शेंगदाण्यांचे किंवा लोणच्याचेही. नको असेल तर लगेच परत द्या. पहिल्या गरम चहानं वाट्या आणि जेवायच्या काड्या विसळायची तिथं पद्धत आहे. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट उघडं ठेवायचं, न सांगता भरून आणतात. शेजाऱ्यानं चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर टकटक करणं म्हणजे आभार. काड्या भातात उभ्या खोचू नका, तशा उदबत्त्या मृतांपुढे लावतात. बिलात दहा टक्के सेवाशुल्क असतं, वेगळी टिप लागत नाही.

शाकाहारी मंडळींना स्पष्ट सांगतो : लसणीवर परतलेली पालेभाजी आणि टोफू मिळतो, पण कढई तीच असते आणि पालेभाजीवर बऱ्याचदा कालवांचा सॉस घालतात. कडक पाळणाऱ्यांची त्या संध्याकाळची सोय आम्ही वेगळीकडे करतो. शिंपले, कोळंबी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर निघण्याच्या आठ दिवस आधी कळवा. चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी तुमच्याजवळ देऊ. ती मासा निवडण्याआधीच दाखवायची.