ऊन मोजावे ते सावलीवरून

आपल्याकडे उन्हाची भीती म्हणजे मुख्यत्वे उष्म्याची भीती. ऊन लागू नये म्हणून आपण पन्हे पितो, डोक्याला उपरणे गुंडाळतो आणि पारा उतरला की निर्धास्त होतो. ही काळजी रास्तच आहे. परंतु त्वचेचे नुकसान करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. १८०१ मध्ये योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला त्यांचा शोध लागला, तोही वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे नुसता अंधार दिसत होता तिथे, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडते हे पाहून. त्यामुळेच हिवाळ्यात गार वाऱ्यात कळसूबाई चढणाऱ्याला त्वचा भाजत असल्याचा पत्ता लागत नाही. उलट उंची जसजशी वाढते तसतसे हे किरण दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढत जातात.

या किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्ही-बी किरण त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात आणि पेशीतील डीएनएचे शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी ही मोडतोड सतत दुरुस्त करीत असते, पण वर्षानुवर्षे राहून गेलेल्या चुकांतून कर्करोग उद्भवू शकतो. यूव्ही-ए किरण अधिक खोल जाऊन त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजेन झिजवतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा त्यांचाच असतो आणि खिडकीची साधी काच त्यांना पुरेशी अडवीत नाही.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य चांगले संरक्षण देते आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या तुलनेत बराच कमी आढळतो. तरीही वांग, काळे डाग आणि अकाली सुरकुत्या यांपासून मेलॅनिन आपल्याला पूर्णपणे वाचवीत नाही, आणि कोड असलेल्यांच्या पांढऱ्या चट्ट्यांत तर ते नसतेच. अशा व्यक्तींनी चट्टे उन्हापासून झाकणे अत्यंत आवश्यक आहे.

ऊन कधी टाळावे याची सर्वांत भरवशाची खूण आपल्या पायाशीच असते: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण प्रखर समजावेत. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मुंबईत मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. मेमध्ये मुंबईतील सावली सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत आखूड असते, तर डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीच्या आसपास जेमतेम दोन तास. जुलैतील दुसऱ्या फेरीकडे पावसामुळे आपले लक्षच जात नाही; पण विरळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली येतात आणि उघडीप पडताच ऊन मेइतकेच तीव्र असते.

संरक्षणात पहिला मान कापडाचा. शेतात राबणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, तो कोणत्याही मलमापेक्षा खात्रीचा उपाय आहे, कारण तो घामाने पुसला जात नाही. मात्र कापड घट्ट विणीचे असावे. विरलेल्या किंवा ओल्या सुती कापडातून किरण अधिक प्रमाणात आत शिरतात. चेहरा, मान आणि हात उघडेच राहतात, तिथे सनस्क्रीन हवे. एसपीएफ, म्हणजे वेष्टनावरील संरक्षणाचा आकडा, ३० असलेले सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के यूव्ही-बी अडवते, म्हणजे मोठ्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. हे आकडे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजलेले असतात आणि आपण सहसा त्याच्या निम्माही लावीत नाही. चेहरा व मानेसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा लागतात, आणि दर दोन तासांनी किंवा घाम आल्यावर पुन्हा लावावे लागते. एसपीएफ प्रामुख्याने यूव्ही-बीबद्दल सांगतो, म्हणून यूव्ही-एसाठी वेष्टनावर ‘पीए’ या अक्षरांपुढील अधिक (+) चिन्हे पाहावीत. वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो, त्यामुळे त्यावर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते.

ऊसतोड कामगार, वाहतूक पोलीस किंवा रस्त्यावरचे विक्रेते यांना उन्हाची वेळ निवडता येत नाही आणि रोजचे सनस्क्रीन परवडत नाही. त्यांना रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि विसाव्यासाठी सावली मिळवून देणे हे काम देणाऱ्यांचे कर्तव्य आहे. शाळांनाही मैदानावरचे तास सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर ठेवता येतील.