नंबर नको, पावलाचं माप आणा
(शेतात, कारखान्यात आणि रानात वापरायचे बूट घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की दुकानात एक मागणी रोज असते: "आठ नंबरचे चार जोड द्या, सालदारांना पाहिजेत." (सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतात ठेवलेला गडी.) चौघे वावरात असतात आणि नंबर मालकांनी अंदाजाने ठरवलेला असतो. यातला एखादा जोड आठ दिवसांनी परत येतोच. तोवर तळाच्या खाचांत काळी माती बसलेली असते, टाचेजवळचं चामडं मोडलेलं असतं, आणि तो जोड आम्हाला बदलून देता येत नाही. तुमचे पैसे जातात, ज्याच्यासाठी घेतला तो पुन्हा चपलेवर निंदणीला जातो. म्हणून हे पत्रक.

नंबर का फसतो ते आधी सांगतो. सांगितलेला नंबर बहुतेक वेळा चपलेचा असतो. चपलेत बोट थोडं पुढे आलं किंवा टाच मागे आली तरी चालतं, बुटात चालत नाही. दुसरं, नंबर फक्त लांबी सांगतो. आपल्याकडच्या एका नंबरात सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, पण रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि जन्मभर अनवाणी किंवा चपलेवर चाललेल्या माणसाचा पंजा पसरलेला असतो, बोटं सुटी असतात. अशा पायाला आठ नंबरचा बूट पंज्यावर आवळतो, मग तो नऊ किंवा दहा मागतो. पंजा मोकळा होतो आणि खरा त्रास तिथूनच सुरू होतो.

बूट एका ठरावीक जागी वाकतो, पाऊलही अंगठ्याच्या सांध्याशीच वाकतं. या दोन्ही जागा जुळल्या की बूट पायाबरोबर चालतो. मोठ्या नंबरात बुटाची वाक पुढे सरकते. मग प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते, घासते, फोड येतो, आणि चामड्याची सुरकुती चुकीच्या जागी पडून तिथेच बूट फाटतो. "चामडं निकृष्ट होतं" ही तक्रार घेऊन येणाऱ्या जोडांत सुरकुती कुठे पडली आहे ते आम्ही आधी पाहतो. पंजा रुंद असेल तर मोठा नंबर न घेता रुंद फर्म्यावरचा (फर्मा म्हणजे बूट ज्यावर बनतो तो पायाच्या आकाराचा साचा) बूट घ्यायचा. तो आम्ही मुद्दाम ठेवतो. देखणा कमी दिसतो, पण खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पायाला तोच बसतो.

माप घ्यायला दोन मिनिटं लागतात. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो आणि बूट त्या फुगलेल्या पायालाच घालायचा असतो. जो मोजा वापरणार तो घालून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन. बसून घेतलेलं माप उपयोगाचं नाही. रेघ दुसऱ्या माणसाने ओढावी. पेन्सिल सरळ उभी धरावी. ती आत कलली की पाऊल पाच-सात मिलिमीटर लहान निघतं, म्हणजे जवळजवळ एक नंबर कमी. दोन्ही पायांची आकृती काढा. दोन पाय अगदी सारखे क्वचितच असतात, बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. शेवटी शिंप्याची टेप अंगठ्याच्या आणि करंगळीच्या सांध्यावरून फिरवून पंज्याचा घेर मोजा आणि कागदावर लिहा.

टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत 25.5 सेंटिमीटर भरलं तर साधारण 7 नंबर, 26.3 ला 8, 27.2 ला 9. पुढची मोकळी जागा यात धरलेली आहे, तुम्ही वेगळा नंबर वाढवू नका. बुटावर 41, 42, 43 लिहिलेलं असेल तर ते याच क्रमाने 7, 8, 9 च्या आसपासचे समजा. कंपनीगणिक फर्मा बदलतो, त्यामुळे हा फक्त पहिला अंदाज. आकृतीचा फोटो मोबाईलवर पाठवत असाल तर शेजारी पट्टी ठेवूनच काढा. पट्टीशिवाय त्या फोटोवरून आम्हाला काहीही मोजता येत नाही.

दुकानात जोड घालून पाहताना नाडी सोडून पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे, दोन गेली तर बूट मोठा आहे. मग टाच मागे ठोकून नाडी आवळा आणि दारातल्या पायऱ्या उतरा. उतरताना बोटं पुढे आपटली तर त्या जोडाचा विचार सोडा. पंधरा मिनिटं दुकानात फिरा असं आम्ही सांगतो ते वेळ घालवायला नाही. टोचणारी शिवण पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही.

"घालून घालून सैल होईल" हे अर्धंच खरं आहे. चामडं रुंदीला थोडं सुटतं, लांबीला सुटत नाही. पुढे लोखंडी टोपी असलेला सेफ्टी बूट टोपीपाशी कधीच सुटणार नाही, तिथे पहिल्या दिवशी टोचलं तर शेवटपर्यंत टोचेल. गमबूट तर कुठेच सुटत नाही.

आता कोणत्या कामाला कोणता.

केळीच्या बागेत, ठिबकच्या ओल्यात आणि पावसाळ्यात गमबूट घ्या. तो पावलाच्याच नंबरचा हवा. आपली काळी माती ओली झाली की बूट धरून ठेवते, सैल गमबुटातून पाय वर येतो आणि बूट गाऱ्यात राहतो. खाचा रुंद आणि एकमेकींपासून लांब असलेला तळ बघा. बारीक, दाट नक्षीत गारा अडकतो आणि दहा पावलांत पाय जड होतो. कपाशीवर फवारणी करताना गमबूटच घाला आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवा, म्हणजे ओघळ आत उतरत नाही. चामडं औषध शोषून घेतं आणि धुतलं तरी ते निघत नाही, म्हणून फवारणीला चामडी बूट नको. रात्री मक्याच्या राखणीला जाणाऱ्यांनी पोटरीपर्यंतचा घ्यावा. घोणस, फुरसं चावतं ते बहुतेक पावलाला किंवा घोट्याच्या आसपास. घालण्याआधी बूट उलटा करून आपटा, आत विंचू बसलेला असू शकतो.

पऱ्हाटी (कपाशीची झाडं) कापल्यावर उरलेले खुंट, तुरीचे खुंट आणि बाभळीचे काटे यांना गमबुटाचा किंवा हलक्या फोमचा तळ पुरत नाही. इथे तळात लोखंडी पत्रा असलेला, घोट्यापर्यंतचा चामडी बूट घ्या. पत्र्याऐवजी कापडी पट्टी असलेले बूटही येतात. ते हलके असतात, वाकतात छान, पण ती पट्टी जाड खिळ्यावर तपासलेली असते. बारीक, टोकदार काटा तिच्यातून शिरू शकतो. बाभळीच्या बांधाला आम्ही पत्राच सुचवतो.

एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी आयएसआय खूण आणि आयएस 15298 भाग 2 हा आकडा पाहावा. त्यात टोपी 200 ज्यूलचा मार सोसते, म्हणजे 20 किलोचं वजन सुमारे एक मीटरवरून पडलं एवढा. तेलकट फरशी किंवा गरम काम असेल तर तळ नायट्राइल रबराचा हवा, पीयूचा (पॉलियुरेथेन, एक हलकं प्लास्टिक) नको.

"शिकारी बूट" मागणारेही येतात, मोबाईलवर पाहून. शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या चित्रांतले बूट बर्फातल्या थंडीसाठी आत जाड अस्तर घातलेले असतात. भुसावळच्या मे महिन्यात त्यांत पाय उकडतो, घामाने कातडी मऊ पडते आणि फोड येतात. सातपुड्यात, यावल-पाल भागात किंवा तोरणमाळला पायी फिरायचं असेल तर बिनअस्तराचा, घोटा धरणारा, खोल खाचांचा साधा चामडी बूट पुरतो. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांनी मात्र कामाचा बूट घेऊच नये; डांबरी रस्त्याला हलका स्पोर्ट शू बरा, आणि तोही आधी वापरलेला.

वापराबद्दल थोडंच सांगतो. काळी माती चामड्यावर वाळू देऊ नका. ती वाळताना चामड्यातला ओलावा आणि तेल ओढून घेते आणि भेगा पडतात. त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत ठेवा. चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळवलेल्या बुटाचं चामडं कडक होतं आणि तळाचा डिंक सुटतो. खाण्याचं तेल चोळू नका, मेणाचं पॉलिश लावा. रोज वापर असेल तर दोन जोड आलटून पालटून घाला, कारण घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही. एकदम दोन जोडांचा खर्च दिसतो खरा, पण असे दोन जोड एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात.

पीयूचे बूट माळ्यावर जपून ठेवू नका. हवेतल्या दमटपणाने पीयू आतून कुजत जातो आणि तीन-चार वर्षांनी न वापरलेला बूटही पहिल्याच दिवशी तळाचा भुगा करून मोकळा होतो. स्वस्तात मिळालेल्या जुन्या मालात हेच होतं, म्हणून कुठेही घेतलात तरी बुटावरचा बनावटीचा महिना-वर्ष पाहा. आम्ही वर्षावरचा माल ठेवत नाही, त्यामुळे आमच्याकडे डिझाइन कमी दिसतील. शिवलेल्या तळाचे बूट किमतीला जास्त आहेत, पण झिजल्यावर त्यांचा तळ आमच्याकडे बदलून मिळतो. चिकटवलेल्याचा मिळत नाही.

बदलीचा नियम: सात दिवसांत, तळ स्वच्छ असेल तर, बिनतक्रार बदलून देतो. म्हणून नवा जोड आधी हे सात दिवस घरात, फरशीवर, रोज दोन तास घाला. आखाजीला घेतलात तर मृगाच्या आधी तो पायाला बसलेला असतो.

सालदारांसाठी घेत असाल तर त्यांना चार वाजल्यानंतर घेऊन या. येणं जमत नसेल तर एका कागदावर एकाच माणसाची दोन्ही पावलं काढा, मागे त्याचं नाव आणि काम लिहा: केळी, कपाशी, राखण, जे असेल ते. कोणता जोड द्यायचा हे कामावरूनही ठरतं.