गाणं अडखळतं, पण दोष प्लॅनचा नसतो

घरच्या स्पीकरवर गाणं अडखळलं की सल्ला ठरलेला: ‘१०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) इंटरनेट पुरत नाही, प्लॅन वाढवा.’ हे खरं नाही. चांगल्या दर्जाच्या स्ट्रीमिंगला सेकंदाला ३२० किलोबिट लागतात; सीडीचा आवाज अजिबात कॉम्प्रेस न करता पाठवला तरी जेमतेम १.४ मेगाबिट. अडचण बहुधा राउटर ते स्पीकर या शेवटच्या टप्प्यात असते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ, चालू मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच दाटी. त्यात आपला राउटर (का कोण जाणे) लोखंडी कपाटात! लॅन केबलची सोय असेल तर स्पीकर तिने जोडून बघा. अडखळणं थांबलं, तर दोष वायफायचा; राउटर मोकळ्यावर आणा, वायफायचा ५ गिगाहर्ट्झ सिग्नल वापरा. मात्र भिंतींपलीकडे हा सिग्नल लवकर क्षीण होतो. केबलवरही अडलं, तर मग कंपनीला फोन करा.