कार्टूनची गाणी आणि ‘स्टँडर्ड’चा घोळ

ॲनिमेशनपटांतली गाणी जॅझमध्ये वाजणार म्हटलं की जाहिरातीत ‘लहानपणीची गाणी, नव्या रूपात’ असं हमखास येतं. पुण्यातली अशीच एक मैफल, जिच्यात फक्त चित्रपटांतलीच गाणी घ्यायचा नियम आहे, तीही त्याला अपवाद नाही. यातलं ‘नव्या’ जरा जपूनच घ्यावं.

‘स्नो व्हाइट’ १९३७चा. त्यातलं राजकुमाराची वाट पाहणारं गाणं एका अमेरिकन पियानोवादकाच्या चौकडीनं १९५७ मध्येच डिस्ने गाण्यांच्या अल्बममध्ये घेतलं. १९६१ मध्ये एका ट्रंपेटवादकानं त्याच गाण्याचं नाव आपल्या अल्बमला दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या तळघरातल्या एका क्लबात तिघांनी ‘ॲलिस इन वंडरलँड’चं शीर्षकगीत वाजवलं, पियानो शिकणारे ते अजून ऐकतात.

अशा गाण्यांना जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणतात, आणि घोळ होतो तो या शब्दापाशी. आपल्याकडे स्टँडर्ड म्हणजे एक तर इयत्ता, नाही तर ‘एकदम स्टँडर्ड हॉटेल’. जॅझवाल्यांचं स्टँडर्ड म्हणजे सगळ्या वादकांना पाठ असलेली चीज. मग ‘आपल्या बंदिशीसारखंच’ असं सांगून मोकळं होता येतं, पण ते निम्मंच खरं. चाल आधी वाजते, मधे विस्तार, शेवटी चाल परत, इथवर ठीक. पण बंदिशीचा राग ठरलेला असतो. इथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, सतत बदलत राहते. राजकुमाराच्या गाण्याचं आवर्तन ३२ बारचं (बार म्हणजे तालाचा छोटा खंड), दर बारला ३ मात्रा, म्हणजे दादऱ्याला सरावलेला पाय आपोआप हलतो. वादक चाल सोडून देतो, कॉर्डचा सांगाडा मात्र ३२ बार संपले की पुन्हा पहिल्यापासून. सवाईला जाणारा श्रोता समेची वाट बघत बसतो आणि टाळी पडते एकेकाचा सोलो संपल्यावर.

१९६७च्या ‘जंगल बुक’मध्ये तर जॅझ मुळातच होतं. खरी कसोटी त्यानंतरच्या गाण्यांची. १९८९ पासूनची बरीच गाणी रंगमंचीय संगीतिकेच्या वळणाची, शब्दांवर चालणारी. २०१३च्या ‘फ्रोझन’मधल्या गाजलेल्या गाण्याचं ध्रुवपद चार कॉर्डच्या रिंगणात फिरतं. तिथे वादकाला कॉर्ड बदलून घ्याव्या लागतात, आणि पहिल्या रांगेतली पोरं आईला विचारतात, ‘आपलं गाणं कधी?’

आणि १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं चड्डीवालं गाणं? ते पडलं ‘जंगल बुक’ मालिकेचं, तेही जपानी मालिकेच्या हिंदी अवताराचं. चित्रपटाच्या नियमात बसत नाही. मैफल ठरवणारा मी असतो तर नियम मोडला असता.