मिनॉक्सिडिल : उपयोग आणि सुरक्षितता

मिनॉक्सिडिल हे रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरवणारे औषध असून त्याचे द्रावण किंवा फेस टाळूला नियमित लावल्यास आनुवंशिक टक्कल पडण्याचा वेग मंदावतो आणि बऱ्याच जणांत विरळ झालेले केस काही प्रमाणात पुन्हा दाट होतात. गोळीच्या रूपात ते इतर औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र उच्च रक्तदाबावर, तर २ किंवा ५ टक्के द्रावणाच्या रूपात केसांवर वापरतात. गेल्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञ केसांसाठीही अगदी कमी मात्रेची गोळी देऊ लागले आहेत. तिन्ही ठिकाणी औषध एकच असते. टाळूवर लावायचे ते जणू सौंदर्यप्रसाधन आणि गोळी तेवढी औषध, असा समज घरोघरी आढळतो आणि बहुतेक अपघातांचे मूळ त्यातच असते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलामझू येथील अपजॉन या कंपनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अल्सरवरील औषधाच्या शोधातून या कुळातील संयुगांवर काम सुरू झाले. अल्सरवर त्यांचा उपयोग झाला नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांचा रक्तदाब मात्र लक्षणीय उतरला. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात चार्ल्स चिडसी हे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर मिनॉक्सिडिलची चाचणी घेत असताना रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसून आले. त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान आणि त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांनी हेच औषध त्वचेवर लावण्याची कल्पना पुढे नेली. रक्तदाबाच्या गोळीला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली, पुरुषांसाठीच्या २ टक्के द्रावणाला १९८८ साली आणि स्त्रियांसाठीच्या द्रावणाला १९९१ साली. १९९६ पासून तेथे हे द्रावण डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकले जाऊ लागले.

शरीरात सल्फोट्रान्सफरेज या विकरामुळे मिनॉक्सिडिलचे मिनॉक्सिडिल सल्फेटमध्ये रूपांतर होते आणि खरा परिणाम हे रूप घडवते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायुपेशींमधले पोटॅशियमचे मार्ग त्यामुळे उघडतात, स्नायू सैलावतात, बारीक रोहिणिका रुंदावतात आणि रक्तदाब खाली येतो. केसांच्या मुळाशी ते केसाचा विश्रांतीचा काळ कमी करते, वाढीचा काळ लांबवते आणि बारीक झालेली केशपुटके पुन्हा काहीशी मोठी होतात. हेच विकर टाळूतही असते, मात्र त्याचे प्रमाण माणसागणिक वेगळे असल्याने एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला तेच औषध तितक्याच नेमाने लावूनही येत नाही. पुरुषी टकलामागील संप्रेरकाच्या क्रियेवर मिनॉक्सिडिलचा काहीही परिणाम होत नाही. म्हणूनच ते लावणे थांबवले की तीन-चार महिन्यांत नव्याने आलेले केस गळून जातात.

रक्तदाबासाठी गोळी घेताना प्रौढांत साधारणपणे दिवसाला ५ मि.ग्रॅ. पासून सुरुवात करतात आणि किमान तीन दिवसांच्या अंतराने मात्रा वाढवत १० ते ४० मि.ग्रॅ. पर्यंत नेतात. दिवसाची कमाल मर्यादा १०० मि.ग्रॅ. आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा डायलिसिसवरील रुग्णांना बहुधा त्याहून कमी मात्रा पुरते. रोहिणिका एकदम रुंदावल्या की शरीर हा बदल भरून काढू पाहते : हृदय जोराने धडधडू लागते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. त्यामुळे पाय सुजतात, वजन वाढते आणि उतरलेला रक्तदाब पुन्हा चढू लागतो. यासाठी मिनॉक्सिडिलच्या जोडीला हृदयाची गती आवरणारे बीटा ब्लॉकर आणि लघवीवाटे पाणी काढून टाकणारे मूत्रल, बहुधा फ्युरोसेमाइड, दिले जाते. तीन गोळ्यांची ही मोट आहे. बीपी आता ‘नॉर्मल’ आले म्हणून रुग्णाने यातली एखादी आपल्या मनाने बंद केली की उरलेल्या दोन धोकादायक ठरू शकतात.

या मात्रेत गोळी घेणाऱ्या सुमारे ३ टक्के रुग्णांत हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचल्याचे आढळले आहे आणि ते वाढत गेल्यास हृदयाला नीट फुलता येत नाही. ज्यांना हृदयशूलाचा त्रास आहे त्यांचा त्रास बळावू शकतो. अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीत हे औषध देतच नाहीत. घरच्या घरी लक्ष ठेवण्यासाठी वजनकाटा आणि घड्याळ पुरेसे असते. रोज सकाळी वजन करावे आणि बसल्या जागी नाडी मोजावी. नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला २० ठोक्यांनी वाढली, थोड्याच दिवसांत वजन दोन-अडीच किलोने वाढले, चेहरा किंवा घोटे सुजले, आडवे झाल्यावर दम लागू लागला किंवा छातीत दुखले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. या मात्रेत सुमारे ८० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावर, हातांवर आणि पाठीवर तीन ते सहा आठवड्यांत केस दाट होऊ लागतात. औषध बंद केल्यावर ते काही महिन्यांत मागे हटतात, पण विशेषतः स्त्रियांना हा त्रास मोठा वाटतो आणि त्याची कल्पना आधी दिली नसेल तर त्या न सांगताच गोळी सोडून देतात.

टाळूवर लावायचे प्रमाण द्रावणासाठी एका वेळी १ मि.लि., दिवसातून दोनदा असे आहे. टक्कल मोठे असो वा लहान, प्रमाण तेवढेच राहते. स्त्रियांसाठी २ टक्के द्रावण दोनदा किंवा ५ टक्के फेस दिवसातून एकदा सुचवला जातो, कारण मात्रा वाढली की कपाळावर आणि गालांवर लव येण्याची शक्यता वाढते. टाळू कोरडी असावी आणि औषध केसांना न माखता भांग पाडून कातडीवर लावावे. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल चोपडण्याची सवय असते. तेलकट टाळूवर औषध नीट पोचत नाही, म्हणून तेल लावायचेच असेल तर त्यासाठी वेगळी वेळ ठरवून नंतर डोके धुवावे. औषध लावल्यावर साधारण चार तास डोके धुऊ नये, उशीवर डोके टेकण्याआधी ते पूर्ण वाळू द्यावे आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत. द्रावणात अल्कोहोल असल्याने ते ओले असेपर्यंत देवघरातील समई किंवा गॅसजवळ जाऊ नये.

निरोगी टाळूतून सरासरी १.४ टक्के औषध रक्तात उतरते. ५ टक्के द्रावण दिवसातून दोनदा लावले तर डोक्यावर १०० मि.ग्रॅ. मिनॉक्सिडिल पडते आणि त्यातले दीड मि.ग्रॅ.च्या आसपास शरीरात जाते. टाळू खरचटलेली, उन्हाने भाजलेली, सोरायसिस किंवा एक्झिमाने सुजलेली असेल तर हे प्रमाण वाढते. सुया टोचण्याचा उपचार ताजा असताना किंवा सोबत ट्रेटिनॉइन हे त्वचेवर लावायचे औषध वापरत असतानाही तसेच घडते. हृदयविकार असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी म्हणूनच द्रावणही डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. लोशन लावू लागल्यावर धडधड, भोवळ, छातीत दुखणे किंवा हातापायांना सूज आल्यास ते थांबवावे. खाज आणि कोंडा यांचे कारण बहुधा द्रावणातील प्रोपिलीन ग्लायकॉल असते. फेसात हा घटक बहुधा नसतो, म्हणून अशांना फेस मानवतो. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस अधिकच गळतात. जुने, विश्रांतीतले केस नव्यांना जागा देत असल्याने असे होते, पण नेमके याच टप्प्यावर घाबरून अनेक जण औषध सोडतात. गुण दिसायला चार महिने तरी लागतात.

केस गळतात म्हणून सरसकट हे औषध आणणे चुकीचे आहे. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा उपासमारीच्या डाएटनंतर होणारी गळती मूळ कारण दूर झाल्यावर बहुधा आपोआप थांबते. चाई पडल्यास उपचार वेगळा असतो. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावकऱ्यांचे केस अवघ्या काही दिवसांत झडले, तेव्हा पाण्याची, मातीची आणि रक्ताची तपासणी करावी लागली आणि सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे लक्ष वेधले गेले. अचानक, गोल चकत्यांत किंवा टाळूवर लाली आणि वेदनांसह केस जात असतील तर दुकानातून बाटली आणण्याआधी तपासणी व्हायला हवी. अठरा वर्षांखालील मुलामुलींनी, गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे औषध वापरू नये. भारतात मिनॉक्सिडिलबरोबर फिनास्टेराइड हे टकलावरचे दुसरे औषध मिसळलेली द्रावणेही मिळतात. फिनास्टेराइडमुळे पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो, म्हणून गर्भवतीने अशा बाटलीला हातही लावू नये आणि पतीने ती आणताना लेबलावरची दोन्ही नावे वाचावीत.

केसांसाठी कमी मात्रेची गोळी साधारणपणे स्त्रियांना ०.२५ ते २.५ आणि पुरुषांना २.५ ते ५ मि.ग्रॅ. दिली जाते. हा वापर मूळ मान्यतेच्या बाहेरचा असून तो डॉक्टरांच्या जबाबदारीवर होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १,४०४ रुग्णांच्या बहुकेंद्री पाहणीत सुमारे १५ टक्क्यांना अंगावर नको तेथे केस आले, तर भोवळ, सूज आणि धडधड यांचे प्रमाण प्रत्येकी दोन टक्क्यांहून कमी होते. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालील रुग्णांचे आहेत. मित्राची चिठ्ठी दाखवून किंवा ऑनलाइन प्रश्नावली भरून मागवलेल्या गोळीला ते लागू पडत नाहीत. गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि नाडी मोजावी, हृदय व मूत्रपिंडाचा इतिहास सांगावा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची नावे द्यावीत. ही किमान अट आहे आणि ती पाळल्याशिवाय गोळी घेऊ नये.

घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात ठेवण्यासारखी वस्तू आहे. ५ टक्के द्रावणाच्या ६० मि.लि. बाटलीत ३,००० मि.ग्रॅ. मिनॉक्सिडिल असते, म्हणजे प्रौढ माणसाच्या कमाल दैनंदिन मात्रेच्या तीसपट. चमचाभर पोटात गेले तरी मुलाचा रक्तदाब धोकादायक पातळीला उतरू शकतो. औषध लावलेल्या डोक्याशी बाळाचा सतत संपर्क आल्याने बाळाच्या अंगावर दाट लव उगवल्याच्या नोंदी युरोपात झाल्या आहेत. स्पेनमध्ये २०१९ साली ओमेप्राझोल या आम्लपित्तावरील औषधाच्या नावाने बाजारात आलेल्या मालात प्रत्यक्षात मिनॉक्सिडिल निघाले आणि ते पोटात गेलेल्या डझनाहून अधिक बाळांच्या अंगावर केस वाढले. मांजरांना तर हे औषध थेंबांतही जीवघेणे ठरते. उशीचा अभ्रा किंवा मालकाचे डोके चाटूनही त्यांना विषबाधा होते.

चुकून पोटात गेल्यास उलटी करवण्यात वेळ न दवडता, बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जावे. रक्तातील औषध निम्म्यावर यायला सुमारे चार तास लागत असले तरी रक्तदाबावरचा परिणाम त्यापेक्षा बराच जास्त काळ टिकतो, त्यामुळे मूल वरकरणी ठीक दिसले तरी त्याला देखरेखीखाली ठेवतात. उपचारात शिरेतून सलाइन दिले जाते आणि गरज पडल्यास फेनिलेफ्रिनसारखी रक्तवाहिन्या आवळणारी औषधे देतात. ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन मात्र टाळतात, कारण आधीच धावत असलेल्या हृदयावर त्यांचा ताण पडतो. बाटली हाती असेल तर हा निर्णय डॉक्टरांना लगेच घेता येतो.